पोटखराबा

माझ्या सातबाऱ्यावर एक शब्द आहे. पोटखराबा. तीन हेक्टर वीस आर जमीन माझ्या नावावर लागली आहे, त्यातली निम्मी लागवडीलायक आणि निम्मी पोटखराबा, वर्ग अ. पोटात असलेली खराब जमीन. तिच्यावर आकारणी नाही. आकारणी नाही म्हणजे सरकारच्या लेखी तिला किंमत नाही. माझ्या आजोबांच्या उताऱ्यावर हाच शब्द होता, वडिलांच्या उताऱ्यावर होता, आता उतारा संगणकावर निघतो तरी तोच आहे. कागद बदलला, शाई बदलली, शब्द हलला नाही.

ही खराब जमीन म्हणजे आमचा सडा. राजापूर तालुक्यात ज्याने एकदा प्रवास केला आहे त्याला सडा सांगावा लागत नाही. वर चढून आलात की सपाट, काळा-तांबडा जांभ्याचा कातळ लांबवर पसरलेला दिसतो. खाली वाड्या, शेती, माड, व्हाळ. वर सडा. आम्ही खाली राहतो आणि वरच्यावर जगतो. हे वाक्य कळायला मला साठ वर्षं लागली, म्हणून सरकारी माणसाला ते एका दिवसात कळावं असा माझा हट्ट नाही. पण त्याने कळून घ्यायला यावं, आणि योग्य वेळी यावं, एवढा हट्ट आहे. त्यासाठीच हे लिहितो.

सात-आठ वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या गावात एक बस आली. निरनिराळ्या खात्यांतले तीसेक अधिकारी होते. धोरण ठरवणाऱ्या खुर्च्यांवर बसलेली किंवा लवकरच बसणारी माणसं. त्यांचं प्रशिक्षण चाललं होतं आणि त्यातला एक दिवस खेड्यात घालवायचा होता. शाळेच्या व्हरांड्यात कापडी फलक लागला : ‘उष्णकटिबंधीय परिसंस्था आणि शाश्वत विकास’. मी दहावी झालेला माणूस. फलक दोनदा वाचला. पहिले दोन शब्द म्हणजे आपलाच गाव, हे दुसऱ्या वेळेस कळलं.

वर्गात पडदे ओढले, पंखे लावले, भिंतीवर चित्रं दाखवली. ॲमेझॉनचं जंगल दाखवलं, समुद्रातली प्रवाळं दाखवली, एकात एक अडकलेली तीन वर्तुळं दाखवली. शिकवणारे गृहस्थ विद्वान होते, चांगले होते. त्यांनी एक गोष्ट फार छान सांगितली. थंड देशात पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो आणि उष्ण देशात चार महिन्यांत कोसळतो, म्हणून तिकडचे नियम इकडे लागू पडत नाहीत. मला वाटलं, आता हे म्हणतील, चला बाहेर. पण त्यांनी पुढचं चित्र लावलं.

जेवणाआधी मला दहा मिनिटं दिली होती. ‘स्थानिक शेतकऱ्याचे अनुभव’. मी म्हटलं, दहा मिनिटांत बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही, वर चला, दाखवतो. साडेअकराच्या उन्हात सगळे वर आले. बुटांचे तळवे तापले. गवत जळून गेलेलं, कातळ तव्यासारखा. एक तरुण अधिकारी घाम पुसत म्हणाला, “काका, इथे तर काहीच नाही. एवढी जागा ओसाड पडली आहे. सोलर का नाही लावत?”

त्या मुलाचा मला राग आला नाही. त्याने डोळ्यांना दिसलं ते सांगितलं. मे महिन्यात सड्यावर काही नसतंच. राग आला तो त्याला मे महिन्यात आणणाऱ्यांचा. पेरणी बघायला माणसाला शिमग्यात आणायचं आणि वर विचारायचं, भात कुठे आहे?

तर या मुलाला जे दाखवायचं राहिलं ते लिहितो.

मृगाचे पहिले दोन-चार पाऊस झाले की कातळाच्या फटीतून दीपकाडी वर येते. पांढरी, सरळ, तुळशीपुढे लावलेल्या दिव्यासारखी. ती रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या सड्यांची आहे. बाकी जगात ती नाही. दोन-तीन आठवडे फुलते आणि जाते. मग कातळावर बोटभर पाणी साचतं, त्यात शेवाळ धरतं, गवत उठतं. श्रावणापासून निळी-जांभळी सीतेची आसवं, पांढरे गेंद, पिवळा कवला, असा एकेका रंगाचा पट्टा येतो. दवबिंदू नावाची एक वनस्पती आहे. तिच्या पानावर चिकट थेंब असतात आणि त्यावर बसलेला किडा ती खाते. सीतेची आसवंसुद्धा पाण्यातले बारीक जीव मुळाशी धरून खातात. का खातात? कातळावर माती नाही, मातीत असायला हवं ते नत्र नाही, म्हणून झाडाने शिकार शिकली. हे मला पुढे एका वनस्पतीशास्त्राच्या विद्यार्थ्याने सांगितलं. तो तीन पावसाळे आमच्या ओटीवर राहिला. परिसंस्था या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी लागला. जिथे काही नाही तिथे जगण्याची जी युक्ती बसलेली असते, ती परिसंस्था.

साताऱ्याजवळचं कासचं पठार असंच आहे. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात कास आहे. आता तिथे फुलं बघायला माणसं तिकीट काढून जातात. आंबोलीच्या कातळावर एक भेक आहे, अंगावर वाघासारखे पट्टे. शास्त्रज्ञांनी त्याची नवी जात म्हणून नोंद केली ती २००९ साली. आंबोली सोडून तो दुसरीकडे कुठे सापडलेला नाही. इतकी वर्षं तो त्या कातळावर ओरडत होता, पण कोणाच्या दप्तरात नव्हता. आणि आमच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवली आहेत. त्या कातळशिल्पांतली काही ठिकाणं २०२२ पासून जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. म्हणजे एका दप्तरात जागतिक वारसा आणि दुसऱ्या दप्तरात पोटखराबा. दोन्ही दप्तरं सरकारचीच.

पण फुलं आणि चित्रं यांच्यासाठी मी भांडत नाही. फुलांवर पोट भरत नाही, हे मला अधिकाऱ्याने सांगायला नको. मी पाण्यासाठी भांडतो.

जांभा दगड वरून कठीण असला तरी आतून चाळणीसारखा आहे. वर पडलेला पाऊस त्याच्या भोकांतून, फटींतून आत उतरतो. खाली पांढरट, गुलाबी चिकणमातीचा थर असतो. आम्ही तिला शेडी म्हणतो. शेडीतून पाणी खाली जात नाही. मग ते आडवं चालू लागतं आणि सड्याच्या कडेला जिथे शेडी उघडी पडते तिथे झरा होऊन बाहेर येतं. आमच्या वाड्या जिथे वसल्या त्या झऱ्यांच्या आधाराने वसल्या. सडा म्हणजे आमच्या डोक्यावरची टाकी आहे. आमच्या जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये वाड्यांना टँकर लागतो. हे कोडं ज्याला सोडवायचं आहे त्याने पाऊस मोजून भागणार नाही. टाकी फोडली कोणी ते शोधावं लागेल.

इथे मला माझं सांगायला हवं. ते न सांगता सरकारला शिव्या देणं म्हणजे चोरानेच चोर चोर ओरडण्यासारखं होईल.

१९९० नंतर रोजगार हमीतून फळबागेची योजना आली. मी तरुण होतो. सड्याच्या कडेला सुरुंग लावून खड्डे मारले, खालून माती वाहून आणली, हापूस लावला. आंबा झाला, नाही म्हणत नाही. मुलं शिकली ती त्याच्यावर. पुढे २००६ साली मुलीचं लग्न निघालं. एक चिरेखाणवाला आला. म्हणाला, ही जागा तशीही पोटखराबाच आहे, तुमच्या काय कामाची? मलाही ते पटलं. शब्दाचा हा परिणाम बघा. तीन पिढ्या उताऱ्यावर खराबा खराबा वाचून मी स्वतःच माझ्या जमिनीला खराब मानू लागलो होतो. चाळीस गुंठे खाणीला दिले. सगळं परवानगीने झालं, शिक्क्यासकट.

खाण शेडीपर्यंत गेली. पावसात खाणीत पाणी भरतं आणि काम थांबतं, म्हणून त्यांनी एका बाजूने चर मारला आणि पाणी व्हाळाला सोडून दिलं. जे पाणी चाळणीतून झिरपत आठ-दहा महिने खाली पोचायचं ते आता पडल्या दिवशी समुद्राकडे निघालं. खालच्या वाडीचा झरा माझ्या लहानपणी मृगाच्या पावसाला जाऊन भेटायचा. आता शिमग्याला आटतो. मी शास्त्रज्ञ नाही. कोणी म्हणेल, पाऊस बदलला, माणसं वाढली, बोअर मारल्या. असेल, तेही असेल. पण खाण वर आहे, झरा तिच्या बरोबर खाली आहे आणि चर मी माझ्या डोळ्यांनी बघितला आहे.

खालच्या वाडीतल्या एक वहिनी, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, एकदा टँकरच्या रांगेत भेटल्या. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “भाऊ, तुझ्या चेडवाचा लगीन झाला, बरा झाला. पण पानी आमचा होता.” त्यानंतर मी बरेच महिने त्या वाटेने गेलो नाही.

आता कोणी अधिकारी म्हणेल, बघा, शेतकरीच नासाडी करतो, म्हणून तर कायदे आणि बंदी लागते. साहेब, मान्य. मी नासाडी केली. पण मला अनुदान देणारं खातं तुमचं, परवाना देणारं खातं तुमचं, आणि जमीन खराब असल्याचा दाखला देणारं खातंही तुमचंच. माझ्याकडे अज्ञान होतं. तुमच्याकडे अज्ञान होतं आणि वर शिक्का होता. या दोन अज्ञानांचं वजन सारखं नाही. माझ्याने चाळीस गुंठे गेले. एका चुकीच्या शब्दाने जिल्हेच्या जिल्हे जातात.

हा शब्द आमचा नाही. इंग्रजांच्या वेळी जी जमीन सारा देत नव्हती ती पडीक, वेस्ट. इंग्रज गेला, पण हिशोब राहिला. आजही देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघतो आणि त्यात उघडा खडक, झुडपी रान असे वर्ग असतात. धनगर ज्या माळावर मेंढरं चारतो तो पडीक, आमची गुरं ज्या सड्यावर पावसाळाभर चरतात तो पडीक. दिवाळीनंतर ज्या गवताच्या उडव्या दारात रचतो ते गवत पडीक जमिनीतून येतं आणि त्याच्यावर पोसलेल्या गुरांचं शेण लागवडीच्या जमिनीत जातं. म्हणजे लागवडीलायक जमीन पडीक जमिनीवर जगते. हे त्या नकाशात कुठे दाखवता येईल? बारसूच्या सड्याचं नाव २०२३ साली सगळ्या महाराष्ट्राने ऐकलं. प्रकल्प हवा की नको हा वाद मी या लेखात आणत नाही, त्याला दोन्ही बाजूंची माणसं आहेत आणि दोन्हीकडे माझे सोयरे आहेत. पण त्या दिवसांत जो तो उठून सांगत होता, तिथे काय आहे, नुसता कातळ. ते ऐकताना मला त्या मुलाचा घाम पुसणारा चेहरा आठवायचा.

आणि हा नुसता बोलण्यातला दोष नाही, तो नियमांत शिरलेला आहे. मोठा प्रकल्प यायच्या आधी पर्यावरणावर काय आघात होईल याचा अभ्यास करावा लागतो. २००६ ची अधिसूचना आहे. त्या अभ्यासासाठी हवा, पाणी, झाडं, प्राणी यांची पायाभूत माहिती एका ऋतूची घेतली तरी बहुतेक प्रकल्पांना चालते. आणि तो ऋतू कोणता? पावसाळा सोडून कोणताही. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सांगणारा माझी चेष्टा करतो आहे असं वाटलं. अहो, ज्या देशाचं सगळं जगणं चार महिन्यांच्या पावसावर बेतलेलं आहे, तिथे पाऊस वगळून निसर्ग मोजायचा? हे म्हणजे माणूस झोपला असताना त्याचं वजन-माप घेऊन लिहायचं की हा बोलत नाही, चालत नाही, खात नाही, सबब हा नाहीच. सड्यावर मार्चमध्ये पाहणी करा, दीपकाडी शून्य, भेक शून्य, पाणी शून्य. अहवालात एकही खोटा शब्द नसेल आणि तरी सगळा अहवाल खोटा असेल.

शहाणे साहेब झाले नाहीत असं नाही. १८८९ साली वोल्कर नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ विलायतेहून आले. हिंदुस्थानची शेती सुधारायला सरकारने त्यांना पाठवलं होतं. ते गावोगाव हिंडले आणि १८९३ च्या अहवालात त्यांनी लिहून टाकलं की इथला चांगला रयत विलायतेतल्या साधारण शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, काही बाबतींत वरचढ आहे. अल्बर्ट हॉवर्ड १९०५ साली बिहारात पुसाला आले, पिकांचे तज्ज्ञ म्हणून. शेतकरी आणि पिकावरची कीड हे आपले प्राध्यापक आहेत असं ते म्हणायचे. परका गोरा साहेब ओणवा होऊन कीड बघू शकला, मग आपल्या साहेबाने सड्यावर ओणवं व्हायला काय हरकत आहे? शिकवायला आलेला माणूस शिकून गेला तरच ते प्रशिक्षण, असं मला वाटतं.

आमच्याकडे उलट चालतं. माधव गाडगीळांच्या समितीने २०११ साली पश्चिम घाटाचा अहवाल दिला. तो जवळजवळ वर्षभर सरकारने बाहेरच येऊ दिला नाही. माहिती अधिकारात भांडावं लागलं, न्यायालयात जावं लागलं, मग २०१२ च्या मे महिन्यात तो लोकांपुढे आला. त्या अहवालात गाडगीळ सांगत होते की हे लोकांच्या भाषेत लोकांपुढे ठेवा, ग्रामसभांना विचारा, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बदल करा. आमच्या गावात काय आलं? अफवा आली. घराचं कौल बदलता येणार नाही, आंब्याची फांदी तोडता येणार नाही, चूल पेटवायची पंचाईत. ग्रामसभेत विरोधाचा ठराव झाला. हात वर करणाऱ्यांत मी होतो. अहवालाचं एक पान मी वाचलेलं नव्हतं, आणि आमच्या गावात तो मराठीत कोणी आणलाही नव्हता. ज्या माणसाने लिहिलं होतं की गावाला विचारा, त्यालाच गावाने न वाचता नाही म्हटलं. यात गावाची चूक आहेच. पण वाचायला दिलं नाही ही चूक कोणाची?

मग कस्तुरीरंगन समिती झाली. तिने २०१३ साली क्षेत्र बरंच कमी केलं. २०१४ साली पहिली मसुदा अधिसूचना निघाली. मग दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. २०१४ च्या ३० जुलैला पुणे जिल्ह्यातलं माळीण डोंगराखाली गेलं, दीडशेवर माणसं गेली. २०२१ साली महाडचं तळिये गेलं. २०२३ साली इर्शाळवाडी गेली. २०२४ च्या ३० जुलैला केरळात वायनाड गेलं, बरोबर माळीणच्या तारखेला. आणि ३१ जुलैला सहावा मसुदा निघाला. प्रत्येक डोंगर कशामुळे आला याची कारणं वेगळी असतील, ती शोधणारे शोधोत. मी एवढंच म्हणतो की दहावीला सहा वेळा बसणाऱ्या मुलाला आमच्या गावात नांगराला जुंपतात. मसुद्याला सहा वेळा बसणाऱ्यांना काय करायचं?

तसंच जैवविविधतेच्या नोंदवहीचं. २००२ चा कायदा चांगला आहे. प्रत्येक गावाची समिती, प्रत्येक गावाची लोक जैवविविधता नोंदवही. लोकांनी सांगायचं, लोकांनी लिहायचं. सतरा वर्षं निवांत गेली. मग हरित लवादाने दट्ट्या दिला, ३१ जानेवारी २०२० पर्यंत पुरं करा, नाहीतर राज्याला महिन्याला दहा लाख भरावे लागतील. झाली धावपळ. आमच्या गावात कुठल्याशा संस्थेचा एक पोरगा दुचाकीवरून आला, थंडीत. ग्रामपंचायतीत चहा घेतला, दोन तासांत वही करून गेला. मी ती नंतर पाहिली. कोकणातल्या आमच्या गावात चिंकारा हरीण असल्याची नोंद आहे. दीपकाडीची नाही. झरे किती, कोणता कधी आटतो, याला रकाना होता, पण तो कोरा. माझ्या खाणीची नोंद नाही. ती असती तर मला लाज वाटली असती, पण वही खरी झाली असती.

कोणी विचारेल, मग तुला हवं तरी काय? टीका सगळेच करतात. तर सांगतो, आणि यात पैसा फार लागत नाही.

ज्यांना उष्ण प्रदेशाचं शास्त्र शिकवायचं आहे त्यांना आषाढात आणा. फलक नको, पडदा नको. इरलं किंवा छत्री पुरे. एक दिवस सड्यावर, एक दिवस झऱ्यावर. तीच माणसं तिथेच पुन्हा चैत्रात आणा. दोन्ही वेळा न आलेल्याला प्रमाणपत्र देऊ नका. प्रकल्पाची पाहणी पावसाळ्यासकट झाली पाहिजे, निदान जिथे सडे आणि डोंगर आहेत तिथे. नोंदवही गावाने लिहावी, आणि लिहिणाऱ्या बाईला-बाप्याला त्याची मजुरी मिळावी, कारण बाहेरच्या संस्थेला पैसे मिळतातच. परीक्षाही ग्रामसभेने घ्यावी. अधिकाऱ्याने उभं राहून सांगावं की या गावाचं पाणी कुठून येतं. जमलं तर पास.

आणखी एक अडचण आहे, ती प्रशिक्षणाने सुटणारी नाही. बदल्यांच्या कायद्याने साहेबाचा एका जागी नेहमीचा मुक्काम तीन वर्षांचा. आंब्याला मोहोर धरायच्या आत साहेब बदलून जातो. त्याने दिलेल्या परवानगीचा परिणाम दिसायला दहा वर्षं लागतात, तोपर्यंत तो वरच्या हुद्द्यावर आणखी मोठ्या परवानग्या देत असतो. आमची चूक आमच्या दारात येऊन उभी राहते, टँकरच्या रांगेत नजर खाली घालायला लावते. साहेबाच्या चुकीला त्याचा नवा पत्ता माहीत नसतो. म्हणून माझं म्हणणं आहे, ज्याने सड्याचा कागद सही केला त्याला दहा वर्षांनी, हुद्दा कितीही मोठा असो, एक दिवस त्या गावात बोलवावं. शिक्षा नको. नुसतं त्या झऱ्यावर नेऊन उभं करावं.

शेवटी एक खरं सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. त्या बसमधल्या तीस जणांपैकी एक बाई परत आल्या. जुलैत, सुट्टी काढून, स्वतःच्या गाडीने. फोन करून म्हणाल्या, “काका, तुम्ही म्हणाला होतात पावसात या.” दिवसभर आम्ही सड्यावर फिरलो. त्या घसरून दोनदा पडल्या, तरी वही भिजू दिली नाही. दवबिंदूच्या पानावर मुंगी अडकलेली बघत पाच मिनिटं उकिडव्या बसल्या. मग मी त्यांना खाणीवर नेलं आणि चर दाखवला. हे कोणी केलं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी. त्या गप्प झाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “हा चर बुजवता येईल का?”

पंधरा दिवसांनी त्यांची बदली झाली. कशाने झाली ते मला माहीत नाही, आणि मी त्याचा संबंध कशाशी जोडत नाही. पण प्रश्न त्या ठेवून गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात खालच्या वाडीतली सहा माणसं आणि मी, आम्ही चिऱ्यांच्या फुटक्या तुकड्यांनी आणि मातीने तो चर बुजवला. त्यासाठी ना योजना होती ना शिक्का. त्याचा लगेच चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. शेडीपर्यंत खणलेला कातळ काही परत उगवत नाही. यंदा झरा शिमग्यानंतर बारा-पंधरा दिवस टिकला. तो चरामुळे की गेल्या वर्षीच्या लांबलेल्या पावसामुळे, ते दहा वर्षांनी कळेल. मी असलो तर बघेन.

वहिनी आता ऐंशीला पोचल्या. परवा वाटेत भेटल्या. पाण्याविषयी काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, “चाय पियून जा.” त्या चहाचं पाणी टँकरचं होतं. मी तो प्यायलो.

उताऱ्यावर अजून पोटखराबाच लिहिलेलं आहे.